टाचण्यांचा नकाशा

पाचव्या चौकटीतली खालची टाचणी इतरांपेक्षा केसभर कमी वर यायची. नणंदेचं बोट तिथं पोचलं की थबकायचं, अंदाज घ्यायचं आणि पुढं सरकायचं. टाचण्या वरखाली करून बोटांखाली अक्षरं उमटवणारं तिचं ब्रेल वाचायचं यंत्र म्हातारं झालं होतं. कंपनीनं केव्हाच त्यातून अंग काढून घेतलं होतं. ते चालत होतं हौशी लोकांनी मिळून लिहिलेल्या, कुणालाही फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर. त्यातला या यंत्राचा भाग भावजय सांभाळायची.

कुठली टाचणी कुठल्या तारेवर, हे सांगणारी फाईल मात्र कंपनीची होती. तिच्या माथ्यावर लिहिलं होतं, फक्त आमच्या ग्राहकांसाठी, इतरांना देऊ नये. प्रोग्रॅमचा परवाना म्हणत होता, हवं त्याला द्या, हवं ते बदला; दोन्ही एकत्र बसत नव्हतं. कंपनीच्या इंजिनिअरनं फाईल देताना “वापरा हो, कोण बघतंय?” म्हटलं होतं. तो नोकरी सोडून गेला, आणि कंपनी आता हो म्हणेना की नाही म्हणेना.

“त्या ओळी पुसून टाक की,” नणंद म्हणाली. “मला तर नाहीतरी दिसत नाहीत.”

“ताई, पुरे हं!”

“मग नवी लिही. इतकी वर्षं त्यातच डोकं घालून बसलीस.”

“म्हणूनच मला लिहिता येत नाही. जुनी तोंडपाठ आहे. मी लिहीन ती तिचीच नक्कल होईल. जिनं ती कधी पाहिलीच नाही, अशा कुणीतरी एकेक तार तपासून लिहायला हवी.”

“आहे का अशी कुणी?”

“नाही.”

“म्हणजे जिला येतं तिलाच बंदी. छान चाललंय तुमचं! आणि माझं यंत्र?”

“फाईल काढली तरी तुमच्या कॉम्प्युटरवर जुना प्रोग्रॅम आहे. तो टिकेल तोवर चालेल.”

“आणि आमच्या वाचनगटातली ती? तिनं कालच कुणाचं तरी असलंच जुनं यंत्र घेतलंय. नाचत होती फोनवर.”



संध्याकाळी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सगळ्यांची ऑनलाइन बैठक भरली. नणंद शेजारीच बसून होती.

“दर खेपेला आपण या फाईलचा निर्णय पुढं ढकलतोय,” समन्वयक म्हणाला. “तुमचा भाग आहे, तुम्हीच सांगा.”

“राहू द्या हो,” कुणीतरी म्हणालं. “मेलेल्या यंत्रासाठी कंपनी थोडीच कोर्टात जाणार आहे?”

हेच वाक्य भावजय स्वतःला रोज सांगत आली होती. दुसऱ्याच्या तोंडून ते फार स्वस्त वाटलं. तिनं नणंदेकडं पाहिलं. नणंद मान खाली घालून ऐकत होती.

“काढा ती फाईल,” भावजय म्हणाली. “आणि नवी लिहायला कुणी आलंच, तर तिला माझ्याशी बोलू देऊ नका.”