गाठ मारलेली वायर

मी एक जुना खेळण्यातला फोन आहे, मित्रांनो. लाल रंगाचा, गोल तबकडीचा, पोटात घंटा असलेला. हसू नका. तबकडी म्हणजे काय हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल; पण तिच्या भोकात बोट घालून फिरवलं की माझी घंटा अशी खणखणते की खऱ्या फोनांनी लाजून मान खाली घालावी. माझ्या पाठीतून एक वायरही निघते. ती कुठेच जात नाही. वीतभर लांब जाते आणि गाठ मारून संपते. त्या गाठीपायी मी काय काय सोसलं, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म खेळण्यांच्या कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलाशी एक मावशी बसत. तयार झालेला प्रत्येक फोन त्या कानाला लावत आणि म्हणत, "हॅलो!" मग पलीकडच्या टेबलावरची त्यांची मैत्रीण, दोन्ही हात कामात असले तरी, ओरडून उत्तर देई, "बोला बाई, ऐकतेय!" उत्तर आल्याशिवाय फोन खोक्यात जात नसे. मला वाटलं, जगाची रीतच ही आहे. कुणी हॅलो म्हटलं की पलीकडून उत्तर येतंच. किती भोळा होतो मी!

पुढे एका घरात दोन भावांनी माझ्यासाठी रोज मारामाऱ्या केल्या. ते माझे लाडाचे दिवस. मग भाऊ मोठे झाले, त्यांना मिसरूड फुटली, आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. त्यांची आई कोर्टात कारकून होती. एके दिवशी तिने मला पुसलं, पिशवीत घातलं आणि कोर्टातल्या मुलांच्या खोलीत आणून ठेवलं.

ही खोली तळमजल्यावर आहे. जमिनीवर हिरवी सतरंजी, खिडकीला जाळी, बाहेर व्हरांड्यात लांब बाक. आईवडील वेगळे झाले की मूल कोणाकडे राहणार, त्याचा खर्च कोण करणार, दुसऱ्याने त्याला कधी भेटायचं, याचा निकाल वरच्या मजल्यावर लागतो. आणि भेटायचं ते इथे, शनिवारी, तीन ते चार. दाराजवळच्या टेबलाशी एक काकू बसतात. एका वेळी चार चार कुटुंबांवर लक्ष ठेवायचं आणि प्रत्येकाबद्दल वहीत एक ओळ लिहायची, हे त्यांचं काम. मनाने फार चांगल्या. माझा रिसीव्हर तडकला तेव्हा त्यांनीच चिकटपट्टी लावली आणि म्हणाल्या, "हा फोन नसता तर माझं काही खरं नव्हतं." कौतुक कोणाला आवडत नाही? मी आठवडाभर फुगून बसलो होतो.

कारण खरंच, मुलं माझ्याशी खरं बोलतात. मोठी माणसं विचारतात तेव्हा ती मान खाली घालतात, आणि मला कानाला लावलं की घडाघडा सांगतात.

एका शनिवारी सहा वर्षांची एक मुलगी आली. आईच्या ओढणीचा पदर तिने मुठीत घट्ट धरला होता, आणि तो सोडवताना ती हमसून हमसून रडली. तिचे बाबा सतरंजीवर अवघडून बसले होते. ते लिफ्ट दुरुस्त करत. नखांत काळं तेल, गुडघे नको तिथे. दहा मिनिटं ती सतरंजीचे दोरे उपसत बसली. मग तिने हळूच मला ओढलं आणि तबकडी फिरवली. बाबांनी क्षणाचाही विचार न करता अंगठा कानाला आणि करंगळी ओठांना लावली.

"हॅलो, लिफ्ट दुरुस्ती! कोण बोलतंय?"

"मी फौजदार."

"बाप रे! बोला फौजदार, काय अडकलंय?"

"माझा हत्ती. तिसऱ्या मजल्यावर."

झालं! पुढचा पाऊण तास हत्तीची सुटका चालली. ती इतकी खिदळली की शेजारची मुलं खेळ सोडून बघत राहिली. मित्रांनो, कारखान्यानंतर पहिल्यांदाच मला पलीकडून उत्तर मिळत होतं. चार वाजले तेव्हा ती पुन्हा रडली, आता बाबांच्या गळ्यात पडून.

काकूंनी वहीत लिहिलं: मूल येताना रडले, जाताना रडले.

एवढंच. पण वर कोर्टात त्या ओळीचे दोन तुकडे झाले. आईच्या वकिलांनी 'येताना रडले' उचललं. मुलीला बापाची भीती वाटते म्हणाले. बाबांच्या वकिलांनी 'जाताना रडले' उचललं. तिला आईकडे परतायचं नाही म्हणाले. हे मला व्हरांड्यातल्या बोलण्यातून ऐकू आलं. वाईट याचं वाटतं की ते त्या पोरीलाही ऐकू आलं. पुढच्या शनिवारी बाकावर आई मोबाइलवर कुणाला तरी रडवेल्या आवाजात सांगत होती, "ती जाताना रडली ना, आता ते तिला कायमची मागणार बघ." आणि आत आल्यावर बाबा तिला जवळ घेऊन म्हणाले, "तू येताना रडलीस म्हणून मला अजूनही एकच तास मिळतो गं राणी."

दोघांनाही तिच्यावर ओरडायचं नव्हतं. पण सहा वर्षांच्या डोक्यात हिशेब पक्का बसला.

बाबा पाणी प्यायला उठले, तेव्हा तिने मला कानाला लावलं आणि अगदी हळू बोलली.

"हॅलो, ऐक. कुणाला सांगू नकोस. मी रडले की भांडण होतं. हसले की काकू तेही लिहितात. म्हणून मी आता काहीच करणार नाही. मग वहीत काहीच येणार नाही. मग ते भांडणार नाहीत आणि मी दोघांकडे जाईन."

अगं वेडे, असं नसतं गं! मी आतल्या आत किती ओरडलो म्हणून सांगू. पण माझी घंटा तबकडी फिरवल्याशिवाय वाजत नाही.

तिने शब्द पाळला. त्या दिवशी ती पुन्हा हसली नाही, आणि नंतरचे चार शनिवार ती शहाण्या मुलीसारखी मांडी घालून बसली. बाबा करंगळी ओठांशी नेत, "हॅलो, लिफ्ट दुरुस्ती..." म्हणत. तिचे ओठ थरथरत, डोळे वहीकडे जात, आणि ती ओठ घट्ट मिटून घेई. तिसऱ्या शनिवारी तर हसू अगदी बाहेर आलंच होतं. तिने गालाला आतून चावा घेतला. मी इतक्या जवळ होतो की मला दिसलं. बाबांना नाही दिसलं. त्यांचा हात तसाच कानाशी राहिला, मग खाली आला.

चौथ्या शनिवारी खोली रिकामी झाल्यावर काकूंनी मला पुसायला घेतलं. पुसता पुसता त्यांनी रिसीव्हर कानाला लावला आणि सुस्कारा टाकला. "काय रे बाबा, तुला तरी माहीत आहे का, ही पोर का बोलत नाही?"

मित्रांनो, मला माहीत होतं! सगळं, शब्द न् शब्द! त्यांचा कान माझ्या तोंडाशी होता. माझा जीव नुसता तडफडला. पण माझ्या वायरला गाठ आहे. त्यांनी मला खाली ठेवलं आणि वही उघडली: मूल शांत. वडिलांना भेटण्याची इच्छा दिसत नाही.

या ओळीचे तुकडे करायची गरज पडली नाही. वरून हुकूम आला: भेटी तूर्त बंद.

त्यानंतरच्या शनिवारी आई हुकूम मिळाल्याची सही करायला आली. मुलगी धावत आत आली. सतरंजी रिकामी होती. ती माझ्याजवळ बसली आणि कितीतरी दिवसांनी तिने माझी तबकडी फिरवली.

"हॅलो, लिफ्ट दुरुस्ती? मी फौजदार बोलतेय. बाबा, मी एकदापण रडले नाही. हसलेपण नाही. आता झालं ना सगळं? मग तू कधी येणार?"

आणि ती वाट बघत राहिली.

"चल बाळा," आई दारातून म्हणाली. "कुणाशी बोलतेस?"

"थांब ना. तिकडून उचलतायत."

आई थांबली. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग तिने येऊन तिचा हात धरला. जाताना पोरीने रिसीव्हर जागेवर ठेवला नाही. फोन कट होऊ नये म्हणून तो सतरंजीवर आडवा ठेवला.

मित्रांनो, मी जुना झालो. उद्या मला टाकून दिलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त एक करा. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना माझा निरोप सांगा. मूल खेळण्यातला फोन कानाला लावेल, तेव्हा वही बाजूला ठेवा. समोर बसा, अंगठा कानाला लावा, करंगळी ओठांशी न्या आणि म्हणा, "बोल, ऐकतोय." उत्तर देणं माझ्या हातात नाही, तुमच्या आहे.

त्या संध्याकाळी काकू खोली आवरायला आल्या, तेव्हा रिसीव्हर अजून तसाच आडवा होता. त्यांनी तो उचलला, नीट पुसला आणि जागेवर ठेवून दिला.