जानेवारीतला धबधबा

जानेवारीच्या त्या रविवारी धबधब्यापाशी गाडी लावायला जागा नव्हती. नागपूरहून दीड तासावर, सागाच्या जंगलातून नदीला धरून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेचा हा पंधरा फुटी धबधबा दरवर्षी दिवाळीआधीच आटायचा. यंदा मात्र तिथे बसलेल्या झरेबाबा नावाच्या बुवांनी हाक मारली की पाणी येई, 'थांब माय' म्हटलं की थांबे.

"माय पाताळातून येते, डॉक्टरच्या चिठ्ठीवर नाही!" बाबा गरजले. "गोळ्या बंद, तरच माय चालू! ये माय, ये!"

कड्यावरून धार कोसळली. जयजयकार झाला. धम्मदीपची नजर मात्र नारळाच्या दुकानातल्या बल्बवर होती. पाणी येण्याआधी तो क्षणभर मंद झाला होता. हिंगण्याच्या कारखान्यात वीस वर्षं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याला आणखी काय सांगायला हवं?

त्याचा धाकटा भाऊ सुशील नऊ वर्षांच्या मेघाला धारेखाली धरून उभा होता. पोरीला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. दीड महिन्यापासून तिच्या गोळ्या बंद होत्या.

"तिले बाहेर काढ गा सुशील! थंडीनं तिचं दुखणं वाढते."

"सातवा रविवार हाय दादा, शेवटचा. मधात काहून बोलून राहिला?"

धम्मदीप टेकडी चढला. सागाच्या पानांखाली काळा पाइप दडवलेला होता. वर बोअर, पत्र्याची पेटी आणि मोबाइल कानाला लावून बाबांची हाक ऐकणारा एक माणूस. त्याला बाजूला सारून धम्मदीपने लाल बटण दाबलं. खालचा गलका थांबला.

"या वर! पाहा तुमची माय! पाच हॉर्सपॉवरची हाय!"

दहा-बारा जण चढून आले, सुशीलही आला. एकाने पाइपला हात जोडले. बाबा खालूनच ओरडले, "मोटार माणसाची, पण बोअरले पाणी कोणं देल्लं?" लोकांनी माना डोलावल्या.

"दिसला मले पाइप," सुशील हळूच म्हणाला. "पण डॉक्टर कधी म्हणाला का दादा, पोरगी पुरी बरी होईन म्हणून? बाबा म्हणाले."

धम्मदीप पेटीपासून बाजूला झाला. मोबाइलवाल्या माणसाने मोटार पुन्हा सुरू केली आणि सुशील खाली उतरून मेघाला घेऊन पुन्हा धारेखाली उभा राहिला.

संध्याकाळी मेघाच्या छातीत दुखू लागलं, अंगात ताप भरला. चौथ्या दिवशी ती दवाखान्यात वारली. काकाने माय अडवली म्हणून पोर दगावली, असं बाबांनी सांगितलं. ते सगळ्यांना पटलं, सुशीललाही. तो आता दादाशी बोलत नाही.

धम्मदीपने पोलिसांत तक्रार दिली. तपास चालू आहे, असं उत्तर मिळतं. धबधबाही चालू आहे. दर रविवारी धम्मदीप रस्त्यावर उभा राहून लोकांना अडवतो. बहुतेक जण काच वर करतात.

तो सांगतो ते एवढंच : सिकलसेल गोळीने मुळातून जात नाही, पण गोळीने लेकरू जगतं. बरं करण्याची हमी देऊन औषध सोडायला सांगणारा माणूस खोटं बोलतो, मग त्याच्यापाशी केवढाही चमत्कार असो. लेकराची गोळी कोणाच्याही शब्दावर बंद करू नका.