डब्यातला गवती चहा

सुरतजवळच्या उधन्याच्या त्या चाळीत गवती चहा दोघींच्या दारात होता, पण अंजनाबाईच्या लेखी तेलाच्या डब्यात लावलेला आपलाच तेवढा खरा. समोरची सुंदरा, रेल्वेतल्या गंगारामची बायको, पाती दूधसाखरेत उकळायची. शी! गुजरात्यांची लीली चा ती, नुसता चवीचा चहा, औषध कसलं डोंबलाचं?

रविवारी अंजनाबाईचा नवरा श्रीपत पुन्हा तापाने फणफणला. शुक्रवारीही असंच झालं होतं. "माले थंडी वाजी राहिनी वं," म्हणत गोधडीत कुडकुडत होता. आता एक जरी खाडा झाला तर तुझा माग दुसऱ्याला देईन, असं कापड कारखान्यातल्या मुकादमाने बजावलं होतं.

सुंदरा दवाखान्यातल्या गोळ्या घेऊन आली. "हिवताप दिसतोय, अंजनाबाई. आमच्या ह्यांना असाच दिवसाआड यायचा. या द्या, आणि उद्या रक्त तपासून घ्या."

"ठेव तिथे उंबऱ्यावर." तिच्या हातून अंजनाबाई काही घेत नसे. बुद्धाची दीक्षा घेतली, रेल्वेचं क्वार्टर मिळेल म्हणतात, आणि आता बया आम्हाला डाक्तरकी शिकवणार! सुंदराची पाठ वळताच तिने गोळ्या काडीने डब्यातल्या मातीत खुपसल्या.

मग पाती कापली, आलं ठेचलं, मंद आचेवर पाणी निम्मं आटवलं. दूध नाही, साखर नाही. कढत काढा पाजून वर दोन गोधड्या टाकल्या. श्रीपत घामाने निथळला आणि ताप उतरला. घाम फुटला की ताप गेला, तिच्या माहेरी यापलीकडे कुणी काही विचारत नसे. सोमवारी तो कामावर गेला आणि अंजनाबाईने नळावर सुंदराची यथेच्छ टिंगल केली.

मंगळवारी दुपारी दोघा कामगारांनी श्रीपतला धरून आणलं. तो मागापाशीच कोसळला होता. "मुकादमाने याचा माग निंबाला दिला," एकजण खाली बघत म्हणाला.

तिने घाईघाईने काढा केला. श्रीपतने तो ओकून टाकला आणि बरळू लागला. अंजनाबाईने डब्यातली माती नखांनी उकरली. पांढरा चिखल हाती लागला.

ती सुंदराच्या दारात गेली. "गोळ्या दे गं बाई."

"दिल्या होत्या ना?"

खोटं सुचेना. "डब्यात पुरल्या."

सुंदराने तिचे मातीचे हात पाहिले आणि चपला पायात सरकवल्या. "मग गवताचा ताप उतरला असेल. चला, दवाखाना बंद व्हायच्या आत धरा त्यांना एका बाजूने. दुसऱ्या बाजूने मी धरते, माझा हात चालणार असेल तर."