तीन ठिपक्यांचा दांडा

मी एक जुना डोलीचा दांडा आहे. पण किती जुना? इथेच मी अडखळतो, मित्रांनो. ज्याला स्वतःचं वय नीट ठाऊक नाही त्यानं आपली गोष्ट सांगायला बसावं, हे जरा विचित्रच. तरी ऐका. कदाचित तुम्हाला माझं गणित सुटेल.

पेठकडच्या डोंगरात, बुधाबाबांच्या घरामागच्या बांबूच्या बेटात माझा जन्म झाला. एका आषाढात ओल्या मातीतून मी डोकं वर काढलं. बाकीची झाडं आधी करंगळीएवढी असतात, मग मनगटाएवढी होतात. आम्हा बांबूंचं तसं नाही. आज मी जेवढा जाड आहे, तेवढाच पहिल्या दिवशीही होतो. दिवाळी आली तोवर उंचीनंही थोरल्या भावांच्या बरोबरीला पोचलो. साहजिकच मला वाटलं, झालो मोठा.

बुधाबाबांची सून सगुणा मागच्या दारी भांडी घासता घासता आमच्याकडे बघून गुणगुणायची:

कोंब उगवला बाई, चढला गं झरझर,
बापाच्या खांद्याला खांदा, ओठी दुधाचा थर.

दुधाचा थर म्हणजे कोवळ्या बांबूच्या अंगावरची पांढरी पूड. तिला ती पूड दिसायची, मला नुसती माझी उंची.

बुधाबाबा उंचीला भुलणारे नव्हते. निदान तीन पावसाळे पाहिल्याशिवाय बांबू तोडायचा नाही, हे त्यांचं माप. पूड झडली का, पेरांभोवतीची वाळकी आवरणं गळली का, हिरवा रंग मळून अंगावर डाग धरले का, हे ते न्याहाळत. मग कोयत्याच्या पाठीनं वाजवून बघत. कोवळा बांबू बद्द बोलतो, पिकलेला खणखणीत. पण अलीकडे बाबांना कानाचा भरवसा वाटेना. नदीच्या पलीकडच्या काठाला येऊन थांबलेल्या रस्त्याचं थोडं डांबर त्यांनी डब्यातून आणलं आणि दर हिवाळ्यात प्रत्येक बांबूवर एक ठिपका ठेवायला सुरुवात केली. जितके ठिपके तितकी वर्षं.

त्यांचा मुलगा वाल्मीक हसायचा. म्हणायचा, "बा, माझ्या दाखल्यावर गुरुजींनी एक जून लिहून टाकली. ह्यांचा तरी दाखला खरा कर."

माझ्या पहिल्याच हिवाळ्यात बाबा तापानं फणफणले. सासऱ्यांचं काम अडू नये म्हणून सगुणानं घराच्या बाजूनं सगळ्यांवर ठिपके ठेवले आणि ती संक्रांतीला माहेरी गेली. बाबा बरे होऊन उठले, ओहोळाच्या बाजूनं आले आणि त्यांनीही ठिपके ठेवले. एकमेकांना सांगायचं राहूनच गेलं. एका हिवाळ्यात सगळं बेट दोन वर्षांनी मोठं झालं.

मी चक्रावलो. अंगावर ठिपके दोन आणि आठवणीत पाऊस एकच. मोठ्या माणसांनी लिहिलंय म्हणजे ते खरंच असणार, एक पावसाळा मीच झोपेत घालवला असणार, अशी मी माझी समजूत घातली. पुढच्या हिवाळ्यात तिसरा ठिपका आला. आता तर दोन पावसाळे आठवत होते आणि वर्षं तीन झाली होती. कोणाला विचारावं? शेजारच्या भावांनाही तोच प्रश्न पडलेला.

त्यानंतरच्या श्रावणात एका सकाळी घरातून सगुणाचं कण्हणं ऐकू आलं. दिवस भरायला अजून महिना होता, पण कळा सुरू झाल्या होत्या. दवाखाना नदीपलीकडे. बैलगाडी जाईना, तेव्हा डोलीच करायची. म्हणजे बांबूला घोंगडी झोळीसारखी बांधायची, त्यात माणूस निजवायचं आणि दोघांनी दोन टोकांना खांदा द्यायचा. वाल्मीकनं माळ्यावरचा जुना दांडा काढला. घुणानं तो आतून पोखरला होता. गुडघ्यावर दाबताच मधोमध मोडला.

बुधाबाबा कोयता घेऊन भर पावसात बेटात आले. पावसात बांबू तोडायचा नसतो, हे त्यांनीच गावाला शिकवलेलं. ते माझ्याजवळ थांबले. बोटानं चाचपून ठिपके मोजले. तीन. कोयत्याच्या पाठीनं मला वाजवलं.

बद्द.

त्यांनी पुन्हा वाजवलं. मला काहीतरी सांगायचं होतं, पण काय सांगावं तेच कळेना. मागचे दोनच पावसाळे आठवतात आणि हा तिसरा अजून सरायचाय हे सांगू, की अंगावर तीन ठिपके आहेत हे?

"काय झालं, बा?" वाल्मीकनं विचारलं.

"आवाज कवळा लागतोय."

"ठिपके तीन हायत ना?"

बाबा डांबराकडे बघत राहिले. "तीन हायत," ते म्हणाले. "मग कानच म्हातारा झाला म्हणायचा."

आणि कोयता पडला.

पुढे वाल्मीक, मागे शेजारचा गोटीराम, बाजूनं बाबा. नदीपर्यंत मी वाकत वाकत गेलो. नदीत पाणी कमरेएवढं होतं. ऐन मध्यावर माझ्या अंगातून कर्र असा आवाज निघाला. मोडतोय की काय, ते माझं मलाच उमगेना.

बाबांनी माझ्यावर तळवा ठेवला. तेवढ्यानंच त्यांना कळलं. "थांबा," ते शांतपणे म्हणाले. "हा कवळा हाय. टोकं सोडा, आत सरका. तिच्याजवळ या."

दोघांनी एकेक पाऊल आत सरकून घोंगडीच्या गाठीपाशी खांदे लावले. बाबांनी दोन्ही हात माझ्या पोटाखाली दिले.

झोळीतून सगुणाचा आवाज आला, "मामा, मोडला का?"

"नाय पोरी. वाकलाय नुसता."

मुंगीच्या पावलांनी आम्ही पार झालो. काठावर जीप उभी होती. दिवस मावळायच्या आत दवाखान्यात सगुणाला मुलगी झाली, आणि नर्सबाईंनी त्या दिवसाची तारीख कागदावर लिहून दिली.

गावात गोटीराम ज्याला त्याला सांगत सुटला, दांडा लय दमाचा. कौतुक ऐकून मी आणखीच गोंधळलो. मी तिला तोललं, की त्या तिघांनी मला?

सगुणा घरी आल्यावर बाबांनी ठिपक्यांचा विषय काढला. ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही तापात होता तवा मीबी ठेवला होता एकेक." बाबा उठून माझ्यापाशी आले. मग कोयत्याच्या टोकानं त्यांनी माझा एक ठिपका खरवडून काढला.

कोवळा आणि पावसात तोडलेला, म्हणून घुण मलाही खाणार होता. सगुणानं माझ्या अंगाला गेलेल्या चिरेवर तार आवळली आणि मला चुलीवर टांगलं. धुरानं मी काळा झालो, पण टिकलो. नंतर किती आजाऱ्यांना नेलं, आठवत नाही. पुढे पूल झाला, जीप दारापर्यंत येऊ लागली आणि मला कोणी खाली काढेना. त्याच सुमारास घरामागचं बेट फुलावर आलं. गव्हाच्या लोंब्यांसारखी फुलं आली आणि एकाच उन्हाळ्यात सगळं बेट वाळलं. थोरलेही, कालचे कोंबही. बाबा म्हणाले, सगळ्या बेटाचं मूळ एकच, त्या मुळाचं वय संपलं. म्हणजे आमची वयं दोन असतात? मग माझं कोणतं?

मुलीचं नाव तृप्ती. तिचं नाव शाळेत घालताना सवयीनं वाल्मीकच्या तोंडून "एक जून" निघालं. सगुणानं पदराची गाठ सोडून दवाखान्याचा कागद पुढे केला. घरातली पहिली खरी तारीख.

त्या संध्याकाळी चुलीपाशी बसून तृप्तीनं वर बोट दाखवलं. "आबा, ह्याचा वाढदिवस कधी?"

"उगवला कधी, त्यो दिस कुणी लिव्हला नाय," बाबा म्हणाले. "तोडला मातर तुझ्याच दिशी. लय लवकर तोडला."

आता घरामागे त्याच फुलांच्या बियांचे कोंब आलेत, जुन्या मुळातून न आलेले, म्हणून गवताच्या काडीएवढे. मित्रांनो, त्यांना वेळ द्या. उंची लवकर येते, बळ मागून येतं. तोडायची वेळ आलीच, तर ठिपके मोजल्यावरही एकदा वाजवून बघा. आणि आवाज बद्द आला, तर कान म्हातारा झाला असं एवढ्यात म्हणू नका.