शेवट बांधलेली कादंबरी

मी एक कादंबरी बोलतेय. मूळची जपानी, आता पक्की मराठी. माझ्या पहिल्याच प्रकरणात एका म्हाताऱ्याचा खून होतो, पण दचकू नका. आमच्याकडे खून फार सभ्यपणे होतो. रक्त एका ओळीत आटोपतं आणि उरलेली पानं मंडळी चहा पीत विचार करत बसतात.

माझी गोष्ट साधी आहे. कागदी छत्र्यांचा एक व्यापारी मागच्या खोलीत मरून पडलाय. दार आतून बंद. बाहेर बर्फ पडलेला आणि बर्फावर एकही पाऊल नाही. घरात त्याचा धाकटा भाऊ, जावई, भाची, घरचा डॉक्टर आणि स्वयंपाकीण. सोबत घराचा नकाशाही छापलाय. मग सगळा उलगडा व्हायच्या आधी एक पान येतं. त्यावर लेखक म्हणतो, वाचकहो, इथे थांबा. जे मला माहीत आहे ते आता तुम्हालाही माहीत आहे. सांगा, खुनी कोण?

आमच्या घराण्याची ही रीत आहे. पुरावा लपवायचा नाही. वाचकाला फसवायचं, पण सगळं त्याच्या डोळ्यांदेखत.

माझ्या अनुवादिकेने माझ्यासाठी फार खस्ता खाल्ल्या. सगळी नावं सारखीच वाटतात, अशी तक्रार छापण्याआधीच तिच्या घरच्यांनी केली होती. म्हणून तिने सुरुवातीला कोण कुणाचा कोण ते लिहून दिलं. लोक ते पान उलटून पुढे जातात आणि मग माझ्या नावाने बोटं मोडतात.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. त्याने मला बाहेरच्या खोलीत, वाट बघणाऱ्यांसाठी ठेवलं. लोक गाल धरून यायचे, खुनापर्यंत पोचायचे आणि आतून हाक यायची. खुनी कोण हे कुणी विचारलं नाही. सगळे एवढंच विचारायचे, दुखेल का? पुढे तिथे टीव्ही आला आणि माझी रवानगी जुन्या पुस्तकांच्या दुकानात झाली.

तिथून मला एका बाईने घेतलं. ती रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. घरी ती आणि तिचे सासरे, दोघंच. सासऱ्यांना ती बाबा म्हणायची आणि ते तिला सूनबाई. बाबांचा जन्म बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात गेलेला. आता त्यांची नजर गेली होती. समोरचं दिसायचं नाही, कडेकडेचं थोडंफार दिसायचं. म्हणून संध्याकाळी सूनबाई मोठ्याने वाचायची आणि बाबा जेवणाच्या टेबलावर काड्यापेट्या मांडून माझं घर उभं करायचे. चमचा म्हणजे जावई. बुचाची औषधाची बाटली म्हणजे डॉक्टर. मीठदाणी म्हणजे स्वयंपाकीण. भावाला बाबांनी स्वतःचा जुना चष्मा दिला होता, भाचीला बटण. अनुवादिकेला हे सुचलं असतं तर तिचे कष्ट वाचले असते.

खालच्या मजल्यावर बाबांची बहीण राहायची. तिला सगळे आत्या म्हणत. आत्याला पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची खोड आणि वाचलेलं पोटात राहायचं नाही. म्हणून या घरात एक नियम झाला होता. पुस्तक घरात आलं की 'इथे थांबा'च्या पुढची पानं जाड दोऱ्याने बांधायची, गाठ मारायची. तिथवर वाचून झालं की दोघांनी आपापला खुनी कारणासकट सांगायचा आणि दोघांचं एकमत झालं की मगच कात्री. माझ्या आधीच्या पुस्तकांचं दोन-चार संध्याकाळींत भागायचं. माझंही भागलं असतं. पण मध्ये एक फोन आला.

दुसऱ्या गावच्या मोठ्या प्रयोगशाळेने सूनबाईला प्रमुख म्हणून बोलावलं होतं. तिने बाबांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "एवढं पुस्तक संपू दे, मग कळवते त्यांना."

"बरं," बाबा म्हणाले आणि त्यांनी एक काड्यापेटी उगाचच सरळ केली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी धाकट्या भावावर आळ घेतला. सूनबाईने तो खोडून काढला. मग जावई झाला, भाची झाली. एकदा त्यांनी मीठदाणी उचलली आणि म्हणाले, "हिनेच केलं."

सूनबाई खळखळून हसली. "बाबा, तिचे हात सगळा वेळ भातात होते. ती स्वतःच सांगते ना!"

"हो की," म्हणून बाबाही हसले आणि मीठदाणी जागेवर ठेवली.

पुढे त्यांनी मेलेल्या व्यापाऱ्यावर संशय घेतला. मग तपासाला आलेल्या पोलिसावर. एका संध्याकाळी तर अनुवादिकेवर. सूनबाई प्रत्येक वेळी मन लावून वाद घालायची. गाठ तशीच राहायची.

पण ती कामाला गेली की बाबा औषधाची बाटली हातात घ्यायचे आणि तिला सांगायचे, "लबाडा, तूच आहेस. मला केव्हाच कळलंय." हे ऐकणारी घरात मी एकटीच.

एक दिवस आत्या वर आली. दोघांचं चाललेलं बघून वैतागली. "पान उलटा आणि मोकळे व्हा की एकदाचे! गेलेला माणूस परत येतोय का?"

आत्याने जीभ चावली.

या घरातून गेलेला माणूस म्हणजे बाबांचा मुलगा, सूनबाईचा नवरा. सकाळी डबा घेऊन कामावर गेला आणि तिथेच त्याचं हृदय बंद पडलं. त्यात कुणाचा हात नव्हता, काही कारण नव्हतं. सगळे पुरावे समोर ठेवून, आता सांगा असं झालं, असं म्हणणारं एकही पान कुणी त्या दोघांना दाखवलं नाही. त्यानंतर त्यांना एकमेकांशी काय बोलावं ते कळेना. तेव्हा सूनबाईने असली पुस्तकं आणायला सुरुवात केली. परक्या माणसाच्या मरणावर बोलता येतं. त्याला कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं. लोक विचारतात, तुमच्यात एवढं काय आहे? एवढंच आहे.

मग प्रयोगशाळेचा पुन्हा फोन आला. उद्यापर्यंत कळवा, नाहीतर दुसरं कुणी बघतो. सूनबाई टेबलाशी येऊन बसली. बाबा आता बर्फावरच संशय घ्यायच्या बेतात होते.

"बाबा, तुम्ही कुणालाही सोडलं नाहीत. मेलेल्या माणसालासुद्धा."

"मग? संशय घ्यायला पैसे पडतात का?"

"डॉक्टरवर नाही घेतलात."

बाबांचा हात बाटलीपाशी थबकला.

"ज्याला खुनी माहीत नाही, तो एवढी नावं घेताना एकदा तरी चुकून बरोबर नाव घेईल," ती म्हणाली. "तुम्ही एकदाही घेतलं नाहीत. म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"आणि तुला?"

"तुम्ही जावयावर होतात तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

बाबांनी बाटली बाजूला सरकवली. "मला वाटलं, पुस्तक संपलं नाही तर तू जाणार नाहीस."

"आणि मला वाटलं, पुस्तक संपलं नाही तर मला ठरवावं लागणार नाही," सूनबाई म्हणाली. तिने कात्री घेतली. बाबांनी चाचपत माझ्यावर हात ठेवला.

"राहू दे. तू त्यांना हो म्हण. मला काय, खाली आत्या आहे, माझं डोकं खायला. हे आपण तू सुट्टीत आलीस की उघडू."

"पण आपल्याला कळलंय ना बाबा."

"कळलंय. वाचायचं राहिलंय."

इथे मला एक गोष्ट सांगणं भाग आहे. खुनी कोण ते मी सांगणार नाही, ते आमच्यात बसत नाही. फक्त एवढंच सांगते की डॉक्टर नाही. बिचारा पहिल्या पानापासून सर्दीने बेजार आहे.

सूनबाई गेली. सुट्टीत यायची, दोघं मला मध्ये ठेवून डॉक्टरला शिव्या द्यायचे, आणि गाठ तशीच ठेवून ती परत जायची. एकदा ती एका माणसाला घेऊन आली. तिच्या प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करणारा, कमी बोलणारा. तिला काय सांगायचंय ते बाबांना दारातच समजलं असावं. ती सारखी पदर सारखा करत होती. बाबांनी त्याला घरदार, पगार, काही विचारलं नाही. मला त्याच्यापुढे सरकवलं. "वाचा. दोऱ्यापर्यंत. मग बोलू."

त्याने दोन दिवस मला वाचलं. कोण कुणाचा कोण, ते पानसुद्धा. मग टेबलाशी बसून म्हणाला, "स्वयंपाकीण."

"कशावरून?"

"दार फोडायच्या आधीच तिने एक वाटी कमी मांडलीय. दुसऱ्या प्रकरणात."

माझी शिवण न् शिवण ताठ झाली. बाबा आणि सूनबाई गालातल्या गालात हसले. "बरा प्रयत्न होता," बाबा म्हणाले आणि त्याला जेवणाआधी हात धुवून यायला सांगितलं. तो आत गेल्यावर ते सुनेकडे वळले. "खुनी चुकला त्याचा. पण माणूस बरा आहे. कर लग्न."

सूनबाई हसायला गेली आणि रडायलाच लागली.

आता ती दोघं मिळून येतात. सुनेच्या नवऱ्याला काय म्हणायचं हे आत्यालाही सांगता येईना, तेव्हा बाबा त्याला जावई म्हणू लागले. माझी पाठ उसवलीय, नकाशावर मीठ सांडलंय. माझं शेवटचं प्रकरण फार सुंदर आहे आणि या घरात ते कुणीच वाचलेलं नाही. याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

तरी तुम्ही त्या घरी गेलात तर माझी एक विनंती आहे. कात्री मागू नका. आणि बाबांपाशी डॉक्टरचा विषय निघाला, तर नुसती मान हलवा. या वयात माणसाला एवढी एक खात्री असू द्यावी.