वगळलेले एकशे बारा

वडिलांना जाऊन दोन दिवस झाले होते आणि त्यांच्या खुर्चीत रोलंड बसला होता. कोलेटने अंगातला कोट काढलाच नाही.

"बस गं. अरमाँची शेवटची मतचाचणी आज जाहीर करतोय. त्याच्याच नावानं. तेवढा मान द्यायलाच हवा."

मँचेस्टर या अमेरिकी शहरातली ही मतचाचणीची कंपनी वडील आणि रोलंड या दोघांच्या भागीदारीतली. पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान मंगळवारी, म्हणजे परवावर आलेलं. रोलंडने पुढे केलेल्या कागदावर लिहिलं होतं, व्हिटकॉमबाई नऊ टक्क्यांनी पुढे. इस्पितळात वडिलांनी तिच्या हाती दिलेल्या तक्त्यात त्या चार टक्क्यांनी मागे होत्या.

"हे बाबांचं नाही."

"त्याचंच आहे. जरा साफ केलंय. चारशेतले एकशे बारा जण वगळले."

"कोणते?"

"कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेले. केंद्रावर गेल्यावर ठरवणार, कुठल्या पक्षाची मतपत्रिका मागायची ते. बर्फ पडलं की सोफ्यावरून हलायचे नाहीत."

"बाबा म्हणायचे, इथला निकाल तेच लावतात."

"बाबा पुष्कळ काय काय म्हणायचे." रोलंडने कॉफीचा घोट घेतला. "बाकी सगळ्यांकडे व्हिटकॉम आठ-दहाने पुढे आहे. सगळ्यांबरोबर चुकलो तर कोणी विचारत नाही. एकटे चुकलो तर दुकान बंद."

"मग तुमच्या नावानं काढा."

"माझ्यावर कोण विश्वास ठेवतंय?"

हे त्याने इतक्या सहज सांगितलं की तिला शिसारी आली. संध्याकाळी तो आकडा वडिलांच्या फोटोसकट छापून आला.

मंगळवारी बर्फ पडलं. शाळेच्या व्यायामशाळेतली रांग दाराबाहेर गेली होती. कोलेटच्या पुढचा म्हातारा टेबलाशी अडला.

"कुठली मतपत्रिका देऊ, आजोबा?"

"थांब ना, ठरवतोय."

"घरून ठरवून यायचं," मागून कोणी तरी म्हणालं.

"घरी बायको ठरवते," म्हातारा म्हणाला. रांग हसली.

व्हिटकॉमबाई पाच टक्क्यांनी हरल्या. टीव्हीवर रोलंड खांदे उडवत म्हणाला, "लोकांनी ऐनवेळी मन बदललं. बिचारा अरमाँ तरी काय करणार?"

बुधवारी त्याचा फोन आला. उद्या चर्चमध्ये अरमाँबद्दल त्याला चार शब्द बोलायचे होते.

"बोला," कोलेट म्हणाली. "तुमच्यानंतर मी मूळ तक्ता वाचणार आहे."

"शवपेटीसमोर आकडे वाचणार? लोक काय म्हणतील?"

"त्यांना पुरायच्या आधीच तुम्ही तुमची चूक त्यांच्या माथी मारलीत. लोक काय म्हणायचं ते म्हणोत."

रोलंड आलाच नाही. तिने तक्ता वाचला, काय वगळलं आणि कोणी वगळलं तेही सांगितलं. आवाज चढवला नाही. दुसऱ्या कंपन्यांचे लोक मागच्या बाकांवर माना खाली घालून बसले होते. बाहेर पडताना त्यांच्यातल्या एकाने तिचा हात हातात घेतला आणि तो हळूच म्हणाला, "आमच्याकडेही हेच आकडे आले होते. आम्हीही बदलले. अरमाँ मात्र पक्का माणूस."

कोलेटने हात सोडवून घेतला आणि कोटाला पुसला.