दोन तोंडांचा पितळी पाइप

मी पितळी पाइप बोलतोय. या शहरात माझ्याइतकं कुणीच बोललेलं नाही. वकील नाही, लिलाववाला नाही, तीन मुलींची आईसुद्धा नाही. वीस वर्षं सकाळी सहापासून माझं तोंड चालू. आता त्यातलं माझं स्वतःचं एक अक्षरही नव्हतं, ही गोष्ट वेगळी. एका तोंडात ओतलेलं दुसऱ्या तोंडातून सांडायचं, एवढंच माझं कर्तृत्व. आज पहिल्यांदाच स्वतःचं बोलतोय, तेव्हा थोडी खरखर झाली तर चालवून घ्या.

जन्म माझा तांबटाच्या कारखान्यातला. मला जायचं होतं जहाजावर. कप्तानाने वरून हुकूम सोडायचा आणि मी तो खाली इंजिनाच्या खोलीत पोचवायचा, असं ठरलेलं. पण जहाज पाण्यात उतरायच्या आधी जहाजवालाच बुडाला. मग एका माणसाने मला मोडीच्या भावात उचललं. त्याला हॉटेल काढायचं होतं. तुफानातून वाट काढायची स्वप्नं बघणारा मी, आणि पहिल्या दिवशी माझ्या पोटातून काय गेलं, तर ‘दोन ऑम्लेट, एक कडक’.

माझी रचना सोपी आहे. लांबी चाळीस फूट. वरचं तोंड काउंटरवर, मालकाच्या खुर्चीमागे. खालचं तोंड तळघरातल्या मुदपाकखान्यात, चुलीशेजारी. दोन्ही तोंडांना शिट्टीची बुचं. वरच्याने बूच काढून फुंकलं की खाली शिट्टी वाजते, खालचा बूच काढतो आणि बोलणं सुरू. मधे मी एका खोलीच्या भिंतीतून जातो, तिथे मालकाची मुलगी पाढे म्हणायची. चौदाचा पाढा यायच्या आत तिची खोली बदलली, म्हणून मी तेरापर्यंतच हुशार आहे.

आमच्या मालकाची कहाणी निम्मी मी त्याच्याच तोंडून ऐकली आणि निम्मी मालकीणबाईंच्या. खरी ती दुसरी. तरुणपणी तो एका मोठ्या हॉटेलात वाढपी होता. तिथे त्याने लोण्याच्या वड्या खिशात घातल्या, पाहुण्यांच्या बाटल्यांतलं उरलंसुरलं प्यायलं, आणि शेवटी स्वतःचं हॉटेल काढताना त्या मालकाचा आचारीच पळवून आणला. पंचवीस खोल्या, खाली जेवणघर, गल्लीच्या तोंडाशी पाटी. हॉटेल चाललं ते त्या आचाऱ्याच्या हातावर. लोक खोलीत राहायला येत नसत, रश्शाजवळ राहायला येत.

आता असं बघा, ज्याने स्वतः लोणी पळवलंय त्याला प्रत्येक वाढप्याचा खिसा फुगलेला दिसतो. आणि ज्याने आचारी पळवलाय त्याला समोरच्या हॉटेलवाल्याच्या नुसत्या नमस्कारानेही ताप चढतो. समोरचा आपला साधा माणूस, सकाळी दारात उभा राहून हात करायचा. मालक म्हणायचा, “बघा, मोजतोय. आमची माणसं मोजतोय.”

लवकरच मालकाला माझा दुसरा उपयोग सापडला. खालचं बूच निघालेलं असलं की तो वर कान लावून बसायचा. तास तास. हसू नका, तुम्हीही कधीतरी दाराआड उभे राहिलेले आहात. पण त्याची एक चूक व्हायची. पाइप दोन तोंडांचा असतो हे तो विसरायचा. खालचं जसं वर यायचं तसा त्याचा श्वास खाली जायचा, आणि श्वास त्याचा म्हशीसारखा. खाली तो ऐकू आला की आचाऱ्याची थोरली बहीण नाकाला बोट लावायची. लगेच सगळे सूर लावायचे, “आपल्या मालकांसारखा माणूस शोधून सापडायचा नाही.” वर मालकाचा चेहरा पडायचा. मालकीणबाईंना म्हणायचा, “एवढी स्तुती करतायत, म्हणजे नक्की काहीतरी खाल्लंय.”

मीही काही कमी नव्हतो. वारा सुटला की उगाच शिट्टी वाजवायचो. मालक वरून “कोण?” आणि ताई खालून “कोण?” अशी दहा दहा मिनिटं गंमत चालायची. या बहिणीला सगळे ताईच म्हणायचे, मालकसुद्धा. भांडी, भाज्या आणि भावाचा राग, तिन्ही तिच्याकडे.

मग एका थंडीत मुदपाकखाना शांत झाला.

आधी तिथे आचाऱ्याचा आवाज असा की वरच्या कपबश्या थरथरायच्या. तो बंद झाला. शिट्टी वाजली की उत्तर ताईच द्यायची. “तीन सूप, दोन पाव, एक मटण” म्हटलं की “हो” एवढंच. पुढे बोलणं नाही, भांडण नाही, मालकांची स्तुतीसुद्धा नाही. नुसती पळीची कढईवर घासाघास.

मालकाची झोप उडाली. “आरडाओरडा होता तेव्हा बरं होतं,” तो मालकीणबाईंना म्हणाला. “गप्प झालेत म्हणजे काहीतरी शिजतंय.”

“मुदपाकखान्यात शिजणार नाही तर कुठे शिजेल?” मालकीणबाई म्हणाल्या.

त्याने लंबू वाढप्याला खाली पाठवलं. लंबू परत येऊन म्हणाला, “आहे जागेवर. रस्सा ढवळतोय.”

“काही बोलला?”

“नाही.”

“आणि तू?”

“मी कशाला बोलू?”

“तूही त्यांच्यातलाच,” मालक म्हणाला, आणि त्या दिवसापासून लंबूचाही खिसा त्याला फुगलेला दिसू लागला.

खरं काय होतं ते मला माहीत होतं, कारण माझं खालचं तोंड चुलीशेजारी आहे. आचाऱ्याला ऐकू येईनासं झालं होतं. आधी कानात मधमाश्या गुणगुणल्या, मग मधमाश्याही गेल्या. विचारलं एक आणि उत्तर दिलं भलतंच, असं दोनचार वेळा झालं तेव्हा त्याने बोलणंच टाकलं. ताईने मग खुणा ठरवल्या. शिट्टी वाजली की ती माझ्याजवळ कान आणायची आणि हाताने सांगायची. तळहाताचा पेला म्हणजे सूप. मूठ म्हणजे पाव. हवेत अंडं फोडायचं आणि बोटं दाखवायची, म्हणजे तितकी ऑम्लेट. मालक म्हणजे स्वतःचा कान पिळायचा. सगळा मुदपाकखाना हे शिकला, लंबूसकट. कारण बहिरा आचारी कोण ठेवील? आणि इथून काढलं तर या वयात भाऊबहीण जाणार कुठे? राहायलाही ती दोघं तळघरातल्याच मागच्या खोलीत होती.

भर पडायची ती पडलीच. एक दिवस मालकीणबाई सज्जातून धावत काउंटरवर आल्या.

“अहो, आचारी आणि ताई समोरच्या इमारतीत शिरले. मागच्या जिन्याने.”

मालक खुर्चीतून उठला तो परत बसलाच. त्या जिन्याने समोरच्या हॉटेलात जाता येतं. त्याच जिन्याने वरच्या मजल्यावर कानाच्या डॉक्टरकडेही जाता येतं, पण ज्याच्या डोक्यात हॉटेल आहे त्याला डॉक्टर कसा दिसावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, जेवणघर रिकामं झाल्यावर, मालकाने मला फुंकलं. इतक्या जोरात, की बूच आपोआप उडालं.

“ताई, मला सगळं कळलंय.”

मग ताईचा आवाज आला, अगदी बारीक. “कधी कळलं?”

“ते सोडा. किती दिवस चाललंय हे?”

“वर्ष होईल, मालक. सांगायचा धीर होत नव्हता.”

“वर्ष,” मालक म्हणाला. मला त्याचा घाम वास येईल इतक्या जवळून जाणवला. “आणि तो काय म्हणतो?”

“तो काय म्हणणार. म्हणतो, आज ना उद्या मालक काढतीलच.”

“मी काढणार? तोच निघालाय ना?”

“कुठे निघालाय? त्याला आता दारात तरी कोण उभं करणार?”

“समोरचा करील की. पायघड्या घालून.”

“समोरचा कशाला बहिऱ्याला पायघड्या घालेल, मालक?”

माझ्या आयुष्यात माझ्या पोटात असा शुकशुकाट कधी झाला नव्हता. मी शिट्टी वाजवायची संधीही सोडली, यावरून काय ते समजा.

पण मालक तो मालकच. “गोष्ट चांगली रचलीत,” म्हणाला, आणि जिना उतरला. वीस वर्षांत पहिल्यांदा तो मुदपाकखान्यात आला. माझ्यामुळे त्याला यायची गरजच पडली नव्हती. आचारी पाठमोरा रस्सा ढवळत होता. मालकाने फळीवरचं सगळ्यात मोठं झाकण उचललं आणि त्याच्या मागे फरशीवर आपटलं.

लंबूच्या हातून तीन बश्या गेल्या. ताईने डोळे मिटले. मी आतून बाहेरून घुमलो. आचाऱ्याने पळी तोंडाला लावली, चव घेतली आणि चिमूटभर मीठ टाकलं.

मग मिठाचा डबा ठेवायला वळला, तेव्हा त्याला मालक दिसला, फरशीवरचं झाकण दिसलं, बहिणीचा चेहरा दिसला. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्याने कामाचा पंचा सोडला, त्याची नीट घडी घातली आणि मालकाच्या पुढ्यात टेबलावर ठेवली.

मालक घडीकडे बघत राहिला. त्याचा हात एकदा घडीकडे गेला आणि परत आला. आयुष्यभर माणसं काहीतरी उचलून नेताना बघायची सवय, कुणी आणून ठेवलं की काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. शेवटी ताईला म्हणाला, “ऑम्लेट कसं सांगता?”

ताईने हवेत अंडं फोडून दाखवलं.

मालकाने आचाऱ्यासमोर उभं राहून हवेत अंडं फोडलं. फार वाईट फोडलं, खरं असतं तर निम्मं त्याच्या अंगरख्यावर गेलं असतं. मग दोन बोटं वर केली. आचारी त्या दोन बोटांकडे किती वेळ बघत होता ते मला मोजता आलं नाही, माझं तेरापर्यंतच आहे. मग त्याने पंचा उचलून बांधला आणि दोन अंडी घेतली. मालकाने एक ऑम्लेट तिथेच उभ्याने खाल्लं, आणि दुसरं ताईपुढे सरकवलं.

मालक सुधारला असं मात्र समजू नका. पुढचे आठ दिवस तो अधूनमधून गुपचूप खाली येऊन झाकणं आपटत होता. खात्री पटली तेव्हा त्याने वीजवाल्याला बोलावलं. चुलीसमोर लाल, हिरव्या, पिवळ्या दिव्यांची पाटी बसवली. वर बटण दाबलं की खाली दिवा लागतो. आचारी दिवा बघतो आणि कामाला लागतो. कान लागत नाहीत. पाइप तर नाहीच नाही.

म्हणजे मला कामावरून काढलं ते त्या बहिऱ्याने. पाइपाचा वैरी बहिराच असायचा, यात माझी तक्रार काय असणार? गेली काही वर्षं माझ्या खालच्या तोंडावर ताई चहाची गाळणी टांगते आणि वरच्यावर मालक टोपी. उद्या भिंत रंगवायला माणसं येणार आहेत, आणि मला काढून मोडीत द्यायचं ठरलंय. तुमच्यापैकी कुणाच्या हाती लागलोच, तर माझी दोन तोंडं कापून वेगळी करू नका. एका तोंडाची वस्तू ऐकलेलं सगळं खरं समजते.

काल दुपारी मालकाने टोपी काढली आणि इतक्या वर्षांनी मला फुंकलं. शिट्टी जेमतेम वाजली. ताईने गाळणी बाजूला केली.

“ताई, एक विचारायचं राहून गेलं,” मालक म्हणाला. “वर्षभर मला एका शब्दानेही का सांगितलं नाहीत?”

“रोज तासभर कान लावून बसत होतात, मालक,” ताई म्हणाली. “मला वाटलं, एवढं तरी ऐकू आलं असेल.”